कानातले मूळ : संगीत नाटक पडद्यावर येते तेव्हा

‘नाटकाची सर नाही’ हे मराठीतले सर्वांत छोटे आणि सर्वांत टिकाऊ चित्रपट-परीक्षण असावे. 2015च्या दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट लागला आणि पुढचे काही आठवडे हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवापर्यंत कुठेही ऐकू येत होते. दुसरीकडे तितक्याच उत्साहाने ‘आम्हाला नाट्यसंगीत आवडू शकते हे आजच कळले’ असे सांगणारी विशीतली मुले होती. दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले, आणि काही घरांत बापलेकांचा दोन दिवस अबोला झाला असेल तर त्यातही नवल नाही.

त्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. ‘सर नाही’ म्हणणाऱ्यांपैकी मूळ नाटक पाहिले होते कोणी? पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक ‘नाट्यसंपदे’ने 1967 साली रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन झाले होते वसंतराव देशपांडे. वसंतराव 1983 साली गेले. म्हणजे त्यांचे खाँसाहेब जाणत्या वयात पाहिलेला माणूस 2015 साली पन्नाशीच्या अलीकडे असणे कठीण. तरीही तिशीतले रसिक ठामपणे सांगत होते की ‘मूळ’ वेगळे होते. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी मूळ ऐकले होते : कॅसेटवर, आकाशवाणीवर, काकांच्या टेपरेकॉर्डरवर. चित्रपटाची तुलना ते रंगमंचाशी करत नव्हते. कानात मुरलेल्या काही मिनिटांशी करत होते.

या ग्रंथातले लेख ज्या विषयाचे आहेत त्याचे दार इथे उघडते. संगीत नाटकाचा चित्रपट होतो तेव्हा नेमके काय हलते, काय गळते, आणि पाहणारा कशाशी ताडून पाहतो, असा हा अभ्यास आहे. मराठीत माध्यमांतराची चर्चा होते ती बहुतेक कथा-कादंबरीच्या अंगाने. पुस्तकातले पान आणि पडद्यावरचे दृश्य शेजारी ठेवायचे आणि फरक मोजायचे, अशी ती पद्धत. कादंबरीला ती बऱ्यापैकी चालते, कारण कादंबरीचे पान हलत नाही. संगीत नाटकाचे पान मात्र सतत हलत असते. जुन्या नाटकाचे छापील पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग, ताल आणि ‘चाल’ दिलेली असते. अमुक लावणीची, अमुक कानडी पदाची, अमुक हिंदुस्थानी चिजेची चाल, असे त्यात लिहिलेले असते. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो ते स्वतःच कुठूनतरी आलेले आहे, आणि पुस्तक ते लपवतही नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहिले आणि त्यावरून त्यांना ‘शाकुंतल’ची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ‘संगीत शाकुंतल’ 1880 साली पुण्यात उभे राहिले. ‘इंद्रसभा’ त्याच्याही आधीचे, आगा हसन अमानत यांनी लखनौत लिहिलेले. आणि याच ‘इंद्रसभे’चा मादन थिएटर्सने 1932 साली बोलपट केला, ज्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. ज्या नाटकाने मराठी संगीत रंगभूमीला धक्का दिला ते भारतातल्या अगदी सुरुवातीच्या बोलपटांपैकी एक झाले. त्याच 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते, आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही टेंबेच होते. 1911च्या ‘मानापमाना’ला चाली देणारे तेच टेंबे. रंगभूमी आणि बोलपट यांच्यात भिंत होती असे आपण बोलतो. पहिल्या पिढीत या भिंतीला इतकी दारे होती की माणसे पेटी घेऊन सहज ये-जा करत होती.

आता पद रंगमंचावर कसे घडते ते थोडे जवळून पाहू, कारण नव्या अभ्यासकाची पहिली चूक इथे होते. संवाद संपत येतो, ऑर्गनवाला सूर धरतो, तबलजी हातोडी खाली ठेवतो. गाणारा नट दोन पावले पुढे येतो. समोरच्या पात्राला आता काहीच काम नाही. ते एकतर कौतुकाने पाहत राहते किंवा पदर, शेला, तलवारीची मूठ असे काही चाळवत उभे राहते. कथेतला काळ थांबलेला असतो. पदाचे शब्द दोन मिनिटांत संपण्यासारखे असतात, पण गाणारा एखाद्या जागेवर थांबतो, तीच ओळ तीन वाटांनी सांगून पाहतो, तान घेऊन समेवर येतो. वन्समोअर मिळाला तर मघाशी मेलेला नायकही पुन्हा गाऊ शकतो. आज प्रकृती बरी नसेल तर पद आटोपते घेतले जाते, समोर जाणकार बसले असतील तर वाढते. ऑर्गनवाला नटाच्या श्वासावर नजर ठेवून मागे-पुढे होतो. कालच्या प्रयोगातले पद आणि आजचे पद यांची लांबी जुळत नाही, आणि जुळावी अशी कोणाची अपेक्षाही नसते.

मग हे स्थिर कधी झाले? चित्रपटाच्या कितीतरी आधी. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे ध्वनिमुद्रिका आली. तिच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर दहा-पंधरा मिनिटे चालणारे पद त्या तबकडीत बसवण्यासाठी गायकांनी काय ठेवले, काय टाकले, लय किती वाढवली, हा संगीत नाटकाच्या माध्यमांतराचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित अध्याय आहे. बालगंधर्वांची पदे आज आपल्याला ‘जशी होती तशी’ माहीत आहेत असे आपण समजतो, पण माहीत आहेत त्या तबकड्या. पुढच्या गायकांनी त्या तबकड्या पाठ केल्या, शिक्षकांनी त्याच शिकवल्या, स्पर्धांच्या परीक्षकांनी त्यांवरूनच गुण दिले. चित्रपटावर ‘मूळ बिघडवले’ असा आरोप होतो तेव्हा कात्री आधी एकदा चाललेली असते, फक्त त्या कापलेल्या तुकड्यालाच आपण आता अख्खे ठाण म्हणतो.

‘कट्यार’कडे परत येतो, कारण हे उदाहरण अभ्यासाला फार सोयीचे आहे : नाटक, त्याच्या ध्वनिमुद्रिका, राहुल देशपांडे आणि महेश काळे यांना घेऊन झालेले पुनरुज्जीवन आणि चित्रपट, सगळे हाताशी आहे. पुनरुज्जीवन आणि चित्रपट दोन्हींचे दिग्दर्शक सुबोध भावेच. नाटकाची गोष्ट थोडक्यात अशी : विश्रामपूर संस्थानात राजगायकाचे पद, हवेली आणि एक कट्यार, असा मान आहे. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. तो मान पंडित भानुशंकरांकडून खाँसाहेबांकडे जातो, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव आपल्या गुरूच्या पराभवाचा हिशेब करायला, आणि तेवढ्याच ओढीने गाणे शिकायला, त्या हवेलीत शिरतो.

नाटक खाँसाहेबांचे आहे. पंडितजींना त्यात जागा थोडी. चित्रपटाने पंडितजींना ऐसपैस जागा दिली. ते स्वतः खाँसाहेबांना विश्रामपुरात आणतात, दोघांत स्नेह जुळतो, वर्षानुवर्षे दरबारात लढत होते आणि खाँसाहेब हरत राहतात, मनात काळे साठत जाते. कथा अशी मागे खेचणे ही चित्रपटाची जुनी खोड आहे. जे नाटकाने पूर्वी घडले म्हणून सोडले ते चित्रपट दाखवायला जातो. पण केवळ ‘खोड’ म्हणून हा मुद्दा सोडू नये. असे करावे का लागले याचे कारण, मला वाटते, गळ्यात आहे.

रंगमंचावर खाँसाहेबांचा चेहरा आणि गळा दोन्ही वसंतरावांचे होते. नाटक आले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. बरीच वर्षे सरकारी नोकरी केलेला हा गवई अनेक गायक्या पचवून बसला होता, आणि त्याचे गाणे नेमक्या कुठल्या घराण्यात बसवायचे हे कर्मठ जाणकारांना उमगत नव्हते. ‘माझी कला मोठी आहे आणि मला ती सिद्ध करत राहावी लागते’ ही खाँसाहेबांची तडफड. ती लेखकाने संवादात लिहिली होतीच, पण वसंतरावांची तान सुटली की लिहिण्याची गरज उरत नसे. समोरच्याला खाँसाहेब दिसत आणि वसंतरावही दिसत. चित्रपटात चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. सदाशिवाचा चेहरा सुबोध भावे यांचा, गळा महेश काळे यांचा. दोन्ही गळे अव्वल दर्जाचे आहेत, याबद्दल वाद नाही. पण चेहरा आणि गळा वेगळे झाले की आवाज जे सांगत होता ते दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागते. मग मत्सराचे प्रसंग येतात, डोळे वटारले जातात, कारस्थान येते. नाटकातला खाँसाहेब आपल्या कलेने जखमी झालेला माणूस आहे. चित्रपटातला बराच वेळ नुसता खलनायक राहतो. मला हे चित्रपटाचे सर्वांत मोठे नुकसान वाटते.

याचा ताळा चित्रपटातच मिळतो. पंडितजी झाले आहेत शंकर महादेवन. त्यांचा अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य, पण ते स्वतः गातात, आणि ते गात असताना कॅमेऱ्याची धावाधाव कमी होते. चेहऱ्यावर विशेष काही करावे लागत नाही. चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींची काही पदे ठेवली, काही नवी रचली. त्यांपैकी ‘सूर निरागस हो’ आज गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, वाढदिवसाच्या मैफलीत कुठेही ऐकू येते, आणि ते 1967च्या नाटकातले आहे असे समजणारी माणसे मला वारंवार भेटतात. महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही ‘अरुणी किरणी’ या नव्या रचनेसाठी. पुढच्या पिढीच्या कानातले मूळ असे तयार होते आहे. आणखी तीस वर्षांनी कोणी ‘कट्यार’ पुन्हा केली तर ‘सूर निरागस का गाळले’ म्हणून तक्रार होणार, याची मला खात्री आहे.

परदेशातल्या उदाहरणांकडे वळताना एक सावधगिरी. ब्रॉडवेचे म्युझिकल आणि आपले संगीत नाटक एकाच जातीचे नव्हेत. तिथे रचना लिहिलेली असते, वाद्यवृंद ठरलेला असतो, नटाला गाण्यात उपज करायची मुभा नसते. तरीही प्रश्न सारखे येतात. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ 1959 साली रंगभूमीवर आले आणि 1965 साली पडद्यावर. मधल्या काळात गीतकार हॅमरस्टाइन वारले होते, म्हणून चित्रपटातल्या दोन नव्या गाण्यांचे शब्दही संगीतकार रॉजर्स यांनीच लिहिले. पुढे नाटकाच्या नव्या प्रयोगांत ही चित्रपटातली गाणी शिरली, कारण प्रेक्षक ती मागू लागला. ‘कॅबरे’चे याहून टोकाचे. बॉब फॉसी यांनी 1972च्या चित्रपटात नाटकातली पात्रे एकमेकांसाठी गातात ती गाणी जवळपास सगळी काढली आणि क्लबच्या मंचावरची ठेवली. त्यामुळे माणसे रस्त्यात अचानक का गातात हा प्रश्नच मिटला. चित्रपट इतका जबर झाला की त्यातली नवी गाणी पुढे नाटकानेच उचलली. ओढा नेहमी नाटकाकडून चित्रपटाकडे वाहतो हे गृहीतक इथे मोडते.

गळा-चेहऱ्याचा प्रश्न हॉलिवूडलाही छळत होता. ‘माय फेअर लेडी’ रंगभूमीवर गाजवली ज्युली अँड्र्यूज यांनी, 1964च्या चित्रपटात भूमिका मिळाली ऑड्री हेपबर्न यांना, आणि हेपबर्न यांच्यासाठी बहुतेक सगळे गायल्या मार्नी निक्सन. श्रेयनामावलीत निक्सन यांचे नाव नव्हते. हेपबर्न यांना ऑस्करचे नामांकनसुद्धा मिळाले नाही, आणि त्याच वर्षी अँड्र्यूज यांना दुसऱ्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. तिथे उसना गळा म्हणजे लपवायची गोष्ट. आपल्याकडे पार्श्वगायन 1935च्या सुमारास आले आणि काही वर्षांत अंगवळणी पडले. ‘कट्यार’मध्ये तर राहुल देशपांडे आणि महेश काळे यांची नावे हेच आकर्षण होते. दोन प्रेक्षकवर्गांच्या मनातला ‘खरेपणा’ किती वेगळा आहे, यावर एखाद्या विद्यार्थ्याने मनापासून काम करावे.

मला स्वतःला सर्वांत उद्बोधक वाटते ते ‘ले मिझेराब्ल’चे 2012चे चित्ररूप. दिग्दर्शक टॉम हूपर यांनी नटांना सेटवर प्रत्यक्ष गायला लावले. कानातल्या छोट्या यंत्रातून त्यांना पियानो ऐकू येई, पियानोवाला नटाच्या लयीने जाई, आणि वाद्यवृंद नंतर चढवला गेला. अॅन हॅथवे यांचे प्रसिद्ध गाणे जवळजवळ एकाच अखंड दृश्यात आहे. हुंदका आला तिथे सूर तुटतो, आणि पियानो थांबून वाट पाहतो. हे वाचताना आपला ऑर्गनवाला आठवतो की नाही? लाखो डॉलर खर्चून त्यांनी जे साधले ते आपल्या रंगमंचाच्या खड्ड्यात बसलेला एक माणूस रोज करत होता. अर्थात त्याच चित्रपटावर ‘आवाज कच्चे आहेत’ अशी टीका झाली, विशेषतः रसेल क्रो यांच्या गाण्यावर. टीका करणाऱ्यांच्या कानात नाटकाच्या ध्वनिमुद्रणातले कसलेले गळे होते. पुन्हा तेच.

आपल्याकडची आणखी दोन उदाहरणे इथे नोंदवतो, ग्रंथात त्यांना पुरेशी जागा मिळाली नाही म्हणून. एक, बालगंधर्व. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (1935) ते एकनाथ झाले. पुढे रंगभूमीवरची त्यांची मीराबाई पडद्यावर आली. दहाव्या रांगेतून जी स्त्री दिसे ती कॅमेऱ्याच्या अंतरावरून दिसेना. गाणे तेच, अभिनय तोच, अंतर बदलले. दुसरे, ‘घाशीराम कोतवाल’. 1972च्या नाटकात ब्राह्मणांची रांग हीच भिंत आणि हाच पडदा होता. 1976 साली फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या युक्त सहकारी संस्थेने त्यावर चित्रपट केला, त्यात के. हरिहरन आणि मणी कौल होते. नाटकाचे यश पडद्यावर पुन्हा मिळवायचा मोह या मंडळींना नव्हता. त्यांनी इतिहासाकडे पाहण्याची आपली दृष्टी मांडली. लोकप्रियतेच्या कसोटीवर तो चित्रपट उतरला नाही, पण रंगमंचाची नक्कल न करण्याचे धैर्य पाहायचे तर तो पाहावा.

2025च्या जानेवारीत आलेल्या ‘संगीत मानापमान’बद्दल मी फार लिहीत नाही. दिग्दर्शक आणि संगीतकार ‘कट्यार’चेच. पण 1967चे नाटक आणि 1911चे नाटक यांच्यातले अंतर त्यांना पुरते मोजता आले असे मला वाटत नाही. नाटककार खाडिलकरांच्या भामिनीचा पेच ज्या समाजात उभा राहतो त्या समाजाऐवजी एक गोंडस संस्थान उभे राहिले. या चित्रपटाच्या गाण्यांना पुढची पिढी मूळ मानते की नाही ते पाहायला थांबावे लागेल.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला संगीतशास्त्राची पदवी लागत नाही. राग ओळखता आला तर उत्तम, नाही आला तरी पद किती वेळ चालले हे घड्याळ लावून मोजता येते. नाटकाची संहिता, जुन्या तबकड्या, प्रयोगाच्या जाहिराती, वृत्तपत्रांतली परीक्षणे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातला ठेवा, एवढ्यावर सुरुवात होते. ऐकण्याचा क्रम मात्र उलटा ठेवावा अशी माझी सूचना आहे. आधी चित्रपट, मग ध्वनिमुद्रिका, मग छापील पुस्तक, आणि शेवटी प्रयोग पाहिलेल्या माणसाची मुलाखत. असे केले की आपल्याच कानात कोणते मूळ आधी बसले आहे ते ध्यानात येते. ग्रंथातल्या लेखकांचे माझ्याशी अनेक ठिकाणी मतभेद आहेत, ‘कट्यार’च्या बाबतीत तर कडाक्याचे. ते तसेच छापावेत असा माझा आग्रह होता.

एकच मागणे वाचकांकडे. ज्यांनी 1967 ते 1983 या काळात ‘कट्यार’चे प्रयोग, किंवा त्याआधीची कोणतीही संगीत नाटके, थिएटरात बसून पाहिली अशी माणसे आता साठी ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे पदांच्या वह्या असतील, तिकिटांची अर्धुके असतील, साथीदारांच्या घरी नोटेशनचे कागद असतील. ते रद्दीत जाऊ देऊ नका. मोबाइलवर त्यांचे बोलणे मुद्रित करा, कुठले पद किती वेळ चाले आणि वन्समोअर कुठे मिळे एवढे तरी विचारा, आणि तारीख, गाव, थिएटर यांसह जवळच्या विद्यापीठाच्या मराठी किंवा नाट्य विभागाकडे द्या.